न फाटलेली पट्टी

ता. ३ फेब्रुवारी १९३८, गुरुवार

लेख पाचच्या गाडीने जळगावला गेला. टपालाच्या डब्यात पाकीट टाकलं तेव्हा गार्डाने हिरवं निशाण बाहेर काढलं होतं. दर गुरुवारी हेच. साप्ताहिकाला शुक्रवारी सकाळी मजकूर हातात हवा, नाहीतर माझ्या जागी सराफाची जाहिरात बसते.

विषय सिगारेटचा. संस्थानी बंदरांत उतरलेली पाकिटं जकात चुकवून हद्दीवरून इकडे येतात आणि नंदुरबारात उघड विकली जातात. उपाय सुचवला: काडेपेटीवर कर भरल्याची सरकारी पट्टी असते, तशीच सिगारेटच्या पाकिटावर कायद्याने सक्तीची करा. पट्टी नाही तो माल जप्त. आणि पट्टी अशी चिकटवा की उघडताना फाटलीच पाहिजे. अखंड राहिली तर वाफेवर सोडवून दुसऱ्या मालाला लावता येते, कर बुडतो.

साडेतीन वाजले तरी शेवटचा परिच्छेद होत नव्हता. पुरावा हवा होता. मग कालचं आठवलं. इब्राहिमकडे विडी घ्यायला गेलो होतो. तो गिऱ्हाइकात. फळीखाली घासलेटचा जुना डबा, त्यात काठोकाठ रिकाम्या काडेपेट्या, आणि एकीचीही पट्टी फाटलेली नाही. विचारायचं राहिलं. आज लिहून टाकलं: "नंदुरबारातील एका दुकानात अखंड पट्ट्यांच्या रिकाम्या पेट्यांचा साठा प्रस्तुत लेखकाने स्वतः पाहिला आहे. तो कशासाठी, हे सांगावयास नको."

दुकानाचं नाव घातलं नाही. परिच्छेद छान बसला.

ता. ७, सोमवार

अंक आला. मी मथळा दिला होता "सिगारेटची जकात: एक सूचना". संपादकांनी केला "पट्ट्यांचे चोर". कचेरीतल्या दोघांनी रस्त्यात थांबवून शाबासकी दिली.

संध्याकाळी इब्राहिमकडे. शाळेपासूनचा दोस्त, चाळीस वर्षं झाली. त्याने शेजारच्या शिंप्याकडून लेख सगळा वाचून घेतला होता. फळीवर हात आपटून म्हणाला, "काय नाना, चोर कोन शे रे ह्या? नाव सांगी टाक, मी त्यानी उधारी बंद करस."

शिंपी हसला, इब्राहिम हसला. मीही. मग काही काम आठवल्यासारखं करून निघालो.

त्याला सांगायला हवं होतं.

ता. ९, बुधवार

सकाळी नऊला एक्साइज खात्याचे इन्स्पेक्टर घरी. तरुण, पुण्याकडचे, बोलणं अदबीचं. हातात अंक. सौ.ने चहा दिला.

"लेख फार उपयोगी. दुकान कोणतं?"

"नाव छापलं नाही, तेव्हा सांगणारही नाही."

"नका सांगू." रुमालाने मिशा टिपल्या. "आपण विडी कोणाकडे घेता ते सगळं गाव जाणतं. दुसऱ्या कोणाच्या फळीखाली आपली नजर जाणार?"

त्यांचा टांगा दारात उभा होता. मशिदीच्या बोळाने पळालो असतो तर टांग्याच्या आधी पोचलो असतो. पोचून काय म्हणायचं? डबा लपव? म्हणजे चोराला सावध करणं. आणि तो चोर आहे का? असा विचार करत कोट शोधत बसलो. कोट समोर खुंटीवर होता.

पोचलो तेव्हा पंच बसले होते. डबा ओट्यावर उपडा केलेला. इन्स्पेक्टर विचारत होते, पेट्या कुठून आल्या.

"डोंगरना लोक बाजारले येतस साहेब. पेटी सरनी का माले परत आनी देतस."

"आणि तुम्ही त्यांना काय देता?"

"चिमूटभर तंबाखू. गरीब लोक शेत."

हे त्याने छाती काढून सांगितलं. त्याला वाटलं, साहेब दानत विचारतायत. इन्स्पेक्टरांनी लिहून घेतलं: मोबदला देऊन खरेदी.

मग चहावाल्याची किटली मागवली. एक पेटी वाफेवर धरली. पट्टी सबंध सुटून आली. सगळ्या पंचांना फिरवून दाखवली. मला दाखवायची गरज नव्हती, कृती माझ्याच लेखातली.

इ.ला घेऊन गेले. माझ्या समोरून गेला. बायकोसाठी निरोप दिला, "नाना, जैतूनले सांगजो," एवढंच.

ता. १०, गुरुवार

लेख पाठवला. स्टेशनावरच्या पाण्याच्या नळाबद्दल. हात आपोआप चालतो.

जामीन नाही. पट्ट्या पुढे कोण घेतो त्याचं नाव इ. सांगेपर्यंत खात्याची हरकत. नाव सांगितलं तर सुटेल. पण कोणी घेणारा असला तर ना.

असेल का? हे मनात आलं. लिहून ठेवतो, लपवत नाही.

ता. १२, शनिवार

आज ईद. दरवर्षी सकाळी त्याच्याकडून शिरकुर्म्याचं भांडं येतं. सौ. दहा वाजेपर्यंत दाराकडे बघत होती, मग आपणच भाकरी-भाजी बांधून जैतूनभाभीकडे गेली. दुपारी चूल सारवताना म्हणाली, "लिखाना पहिले एकडाव तरी इचारं व्हतं का त्यासले?"

मी म्हटलं, गाडीची वेळ झाली होती.

"गाडी रोज येस."

भाभी सील लागलेल्या दुकानाच्या पायरीवर बसून असते. गिऱ्हाईक आलं तर सांगते, उद्या या.

ता. १५, मंगळवार

सबजेलमध्ये भेट मिळाली. जेलर ओळखीचा म्हणून.

सबजेल कचेरीच्या मागे, आणि त्याच्या पलीकडे मिरचीच्या पथाऱ्या. ऐन हंगाम. सगळं मैदान लाल. मजूर बाया तोंडाला फडकी बांधून मिरची पसरतात, वारा सुटला की रस्त्यावरचा माणूस ठसक्याने वाकतो. इ.ला दमा. दर साल या दिवसांत तो महिनाभर भुसावळला मुलीकडे राहतो. या आठवड्यात निघणार होता. ट्रंक भरलेली आहे.

ओला पंचा नाकाला धरून बसला होता. बोलताना शब्दांमध्ये शिट्टी वाजते.

मी विचारलं, "डोंगरचे लोक पेट्या परत का आणतात? आणि पट्टी फाटत कशी नाही?"

"त्या तोंडकडथून उघडतस नही. पोटनी फळी काटाघाई उचलतस, काड्या काढतस. सरकारनी मोहोर फाडानी भ्या वाटस त्यासले. रिकामी पेटी बी फेकतस नही. सरकारनं शे, म्हने."

"आणि तू? तू का ठेवल्यास?"

बराच खोकला. मग म्हणाला, "छापेल कागद पायखाले येवाले नको. मन्हा बाप सांगे. बरसातमा तापीले पूर उना का पानीमा सोडी देस. दर साल."

एवढंच होतं. एक प्रश्न, एक उत्तर. दोन तारखेला फळीशी उभा राहून विचारलं असतं तर विडी पेटायच्या आत झालं असतं.

मग सांगितलं. की लेखातलं ते दुकान तुझं. तो मान हलवत होता.

"माले मालूम व्हतं."

"कधीपासून?"

"लेख वाचा त्या दिन. तू इडी न लेता गया. इतला वरीसमा पहिली डाव."

रागावला नाही. रागावायला श्वास लागतो.

ता. १७, गुरुवार

संपादकांना खुलासा पाठवला, चार पानं. पेट्या कशा येतात, का येतात, मी चुकलो.

ता. २१, सोमवार

संपादकांचं उत्तर. प्रकरण कोर्टात, खुलासा छापता येत नाही. "आपल्या लेखावर पुष्कळ पत्रे आली आहेत. त्याच विषयावर आणखी एक मजकूर गुरुवारपर्यंत पाठवावा."

त्या विषयावर पाठवणार नाही.

संध्याकाळी समन्स. ११ मार्च, सरकारतर्फे साक्षीदार: मी.

वकिलांकडे गेलो. म्हातारे, कानाने थोडे मंद, पण डोकं साफ. म्हणाले, "इब्राहिमभाई सांगतात ते मला पटतं. न्यायाधीशांना का पटावं? पोटाची फळी त्यांनी स्वतः काढली असेल. काट्याने पेटी उघडणारा एक माणूस कोर्टापुढे उभा करा. त्याखेरीज माझ्याकडे काही नाही."

ता. २२, मंगळवार

बाजार. सकाळपासून सील लागलेल्या दुकानासमोर उभा. डोंगरचे लोक आले, कुलूप पाहिलं, थबकले. एका म्हातारीने पदराची गाठ सोडून तीन रिकाम्या पेट्या माझ्यापुढे धरल्या. तिन्ही पट्ट्या अखंड. मला हात पुढे करायची भीती वाटली. तिने परत गाठ मारली आणि गेली.

ज्याला ज्याला विचारलं, कोर्टात येशील का, तो दुसरीकडे बघू लागला. भाभी पायरीवरून पाहत होती. शेवटी तिनेच सांगितलं, इ.शी सगळ्यात जास्त बोलणारा दित्या. तळोद्याच्या वर, डोंगराच्या पायथ्याला राहतो. जमातीने पावरा. डिंक आणि मध आणतो. "भला आदमी है. मगर साहब के सामने गूंगा हो जाएगा."

ता. २८, सोमवार

काल पहाटे निघालो. प्रकाशा गावाशी नावेने तापी ओलांडली, तळोद्यापर्यंत बैलगाडी, पुढे पायी. सौ.ने दशम्या दिल्या होत्या, माझ्याशी बोलत नव्हती तरी दिल्या. आज दुपारी दित्या सापडला. चाळिशीचा, उंच, मोजकं बोलणारा. बाजारात पाहिलेला चेहरा.

आधी काही सांगितलं नाही. खिशातली नवी पेटी दिली, म्हटलं, विडी पेटव. त्याने पेटी पालथी केली, कुडातला बाभळीचा काटा काढला, पोटाची पातळ फळी नखाएवढी उचलली, एक काडी ओढून घेतली, फळी दाबून बसवली. पट्टीला बोटही लागलं नाही. इतक्या सवयीने की मी विडी ओढायची विसरलो.

"तोंडाकडून का नाही उघडत?"

माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं. "मोहोर शे ना."

मग सांगितलं. जंगलखातं तोडलेल्या लाकडावर हातोड्याने छाप मारतं. ती छाप खरवडली म्हणून त्याचा बाप तुरुंगात गेला होता. घर बांधायला लाकूड तासलं, त्यात छाप गेली. बापाला वाचता येत नव्हतं, छाप कसली ते ठाऊक नव्हतं. "तव्हयपासून आमी सरकारनी छापले हात लावत नही. लाकूडवर राहो का आगपेटीवर."

इब्राहिमला धरलं आहे म्हटल्यावर त्याने काटा परत कुडात खोचला. मग विचारलं, "त्यानी मोहोर फाडी का?"

"नाही. फाडली नाही म्हणून धरलं."

हे त्याला समजलं नाही. दोनदा समजावलं. मलाही नीट जमेना. शेवटी म्हणालो, अकरा तारखेला नंदुरबारला ये, साहेबापुढे पेटी उघड, आता उघडलीस तशी.

नाही म्हणाला. भीतीने नव्हे. होळीची पाळणी घेतली आहे, नवस आहे, धाकटी मुलगी तापातून उठली त्याचा. होळी पेटेपर्यंत बाजेवर झोपायचं नाही, बायकोच्या हातचं खायचं नाही, नदी ओलांडायची नाही. होळी पंधराला.

मी हात जोडले. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान माणूस. त्याने माझे हात धरून खाली केले.

"होळी पेटू दे. मंग येस."

"तोवर उशीर होईल."

"पाळणी मोडी तर पोरगी जाई."

त्याच्या मुलीने मला पाणी आणून दिलं होतं.

ता. ४ मार्च, शुक्रवार

इ.ला रात्रभर बसून काढावं लागतं, आडवं झालं की श्वास अडतो. सरकारी डॉक्टरांनी पुडी दिली. कोठडी बदलता येत नाही, दुसऱ्या बाजूला खिडकीच नाही. जेलर म्हणाला, "मिरची काय माझ्या हुकमात आहे, नाना?"

इन्स्पेक्टर आठवड्यातून दोनदा जाऊन विचारतात, घेणाऱ्याचं नाव सांगा. परवा इ. म्हणाला म्हणे, "एखादं नाव तुम्हीच सुचाडा साहेब, मी हो म्हनस." तेही लिहून घेतलं.

भाभीला हे सांगितलं नाही.

ता. ८, मंगळवार

इन्स्पेक्टरांना भेटलो. दित्याबद्दल सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. माणूस वाईट नाही.

"मानलं, एक डोंगरचा माणूस असं करतो. पण कायदा अखंड पट्टीचा साठा पाहतो, भक्ती पाहत नाही. आणि ती पळवाट बंद करा, असं आपणच म्हटलंय." अंक टेबलावरच होता. काही ओळींखाली निळी पेन्सिल.

ता. ११, शुक्रवार

साक्ष झाली.

इ.ला दोन शिपायांनी धरून आणलं. न्यायाधीशांनी बसायची परवानगी दिली. दाढी पांढरी झाली आहे, की पूर्वीच होती आणि मी पाहिली नव्हती.

सरकारी वकिलांनी लेख वाचला. माझी वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून. एक-दोन ठिकाणी मला वाटलं, हे चांगलं लिहिलंय. लाज वाटली.

मग आमचे वकील उठले.

"हा साठा आपण पाहिला?"

"होय."

"पट्टी सोडवताना कोणाला पाहिलं?"

"नाही."

"विकताना? घेताना?"

"नाही."

"आरोपीला विचारलं?"

"नाही."

"मग लिहिलं कशावरून?"

"पाचची गाडी होती."

मागे लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि ते वाक्य स्वतः लिहून घेतलं.

वकिलांनी दित्याची हकीगत मांडली, पाळणी सांगितली, मुदत मागितली. सरकारी वकील म्हणाले, होळीनंतर रंगपंचमी येईल. न्यायाधीशांनी थोडा विचार करून दिली. अठरा तारीख, अकरा वाजता, शेवटची. "तो माणूस आणा. काडेपेटी मी देईन. उघड, एवढंच सांगेन. तो काय करतो ते मी पाहीन. शिकवलेला हात मला ओळखू येतो. आला नाही तर त्याच दिवशी निकाल."

बाहेर वकिलांनी माझी बाही धरली. "एक शब्द शिकवायचा नाही, नाना. सरकारी वकील पहिला प्रश्न विचारतील, तुला या गृहस्थांनी काय सांगितलं? आणि डोंगरचा माणूस खरं सांगेल."

ता. १२, शनिवार

तळोद्याच्या हाटाला जाणाऱ्या एकाकडे निरोप दिला. अठरा तारीख त्याला कशी कळणार, म्हणून दोरीला गाठी मारून दिल्या. रोज एक सोडायची, शेवटची सुटेल त्या दिवशी प्रकाशाच्या काठावर. मी नावेशी असेन.

सबजेलमध्ये भेट नाकारली. तब्येत बरी नाही म्हणून. तब्येत बरी नाही म्हणूनच तर भेटायचं होतं.

ता. १५, मंगळवार

होळी. गल्लीत पेटली. सौ.ने नैवेद्य दाखवला, माझ्यासाठी ताट वाढलं. जेवताना म्हणाली, "तठे बी पेटनी व्हई आते."

म्हटलं, त्यांची पहाटे पेटते.

"मंग पहाटले देवले सांगा." बऱ्याच दिवसांनी ती माझ्याशी एवढं बोलली.

ता. १६, बुधवार

भाभी भेटून आली. इ.ने तिला ओळखलं. बोलणं खुणेने. दोन बोटं वर केली, म्हणजे दोन दिवस, असं तिला वाटलं. मला ते नक्की वाटत नाही.

ता. १७, गुरुवार

लेख गेला नाही. एकवीस वर्षांत हा पहिला गुरुवार. प्रकाशाच्या काठावर सकाळपासून बसून. पाणी उतरलंय, नाव मध्येच वाळूला लागते, नावाडी उतरून ढकलतो. प्रत्येक खेपेला उठून पाहायचं, प्रत्येक खेपेला टोपल्या, शेळ्या, दुसरेच चेहरे. तिसऱ्या प्रहरी नावाडी म्हणाला, "नाना, कोनी वाट देखतस? पाव्हना शे का?"

शेवटच्या खेपेला आला. अंगावर होळीची राख, ठिपके अर्धे पुसलेले, कमरेचं घुंगरू तसंच. रात्रभर नाचून सरळ चालत निघालेला. हातात मोकळी दोरी.

मला रडू येईल असं वाटलं, आलं नाही. टांग्यात शेजारी बसवलं. सबंध वाटेत मुलीबद्दल बोलला. बरी आहे.

ता. १८, शुक्रवार, सकाळी

दित्या ओट्यावर बसला आहे. आंघोळ केली, सौ.ने चहा दिला, तो त्याने बशीत ओतून थंड करून प्यायला. जेवण नको म्हणाला.

काल घरात शिरल्यावर पहिली गोष्ट केली ती ही की चुलीजवळची काडेपेटी उचलून फडताळात ठेवली. सौ.ला सांगितलं, त्याच्यादेखत तोंडाकडून उघडू नकोस, काट्यानेही नको, मुळी उघडूच नकोस. शेजारून निखारा आण. मीही विडी पेटवलेली नाही.

सहाला जेलरचा माणूस येऊन गेला. इ.ला उचलून आणावं लागेल, खाट मिळेल का विचारत होता. दिली. इ. अजून आहे.

मघाशी दित्या म्हणाला, "नाना, एक इचारू?"

"विचार."

"साहेब हुकूम करी, उघड. साहेब मोठा. तो सरकारच शे ना? त्यानी सांगं तर मोहोर फाडानी का?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. घरी तो कसा उघडतो ते मी पाहिलं आहे. पण हुकूम देणारं तोंड खुद्द सरकारचं असेल तेव्हा हात कुठे जाईल? मान राखायचा म्हणून तोंडाकडे गेला तर पट्टी फाटली, आणि इब्राहिमचं सगळं खोटं. वाक्य माझ्या ओठांवर होतं. तीन शब्दांचं.

वकिलांचं आठवलं. याला विचारतील, नानांनी काय सांगितलं, आणि हा सांगेल.

तो माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होता. मी आत जाऊन कोट घातला. बाहेर आलो तरी तो तसाच बसलेला, हात गुडघ्यांवर, तळवे वर. निखाऱ्याने पोळल्याच्या जुन्या खुणा आहेत बोटांवर.

"चल," म्हटलं. "वेळ झाली."

"तुमनी सांगं नही, नाना."

दहा वाजून गेलेत. टांगा आला आहे. हे लिहायला आत आलो, आता निघतो.